फर्म्यातला खड्डा

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घातल्यामुळे शाळेतल्या बाई बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारचे सासरे-जावई, दोघेही सुतार, त्यांना फक्त ऐकू येत होते.

"आठ टेबलं, जावईबापू! आठही टेबलांच्या गोलाईला एकाच जागी खड्डा! लाकूड कापायचा राउटर धरता की नांगर? म्हणून म्हटलं, आधी तुमचे डोळे तपासून आणू."

"मामा, राउटरचं चाक लाकडावर बसवलेल्या फर्म्याच्या कडेला टेकून फिरतं. फर्मा जसा वळेल, तसंच लाकूड कापलं जातं."

"फर्मा मी स्वतः घासलाय. चाळीस वर्षं घासतोय."

"हो ना. खड्डासुद्धा अगदी मन लावून घासलाय."

"जीभ चालते तेवढी कानस चालली असती तर! फर्म्यावरून बोट फिरवलं होतंत?"

"फिरवलं होतं. पहिलं टेबल कापायच्या आधीच खड्डा लागला."

"आणि तरी आठ कापलीत? बोलायला काय झालं होतं?"

"मागे एकदा बोललो, तर तुम्ही रुसून दोन दिवस जेवला नाहीत. आणि तुमच्या लेकीने मला वाढलं नाही."



"नंबर सतरा!" आतून हाक आली.

"आपला किती, मामा? चिठ्ठी तुमच्याकडे आहे."

"तुम्हाला कशाला विचारू? या बाईंना विचारतो. बाई, एवढा आकडा वाचता का?"

"माझे डोळे मिटलेले आहेत हो."

"अस्सं? मला वाटलं, मघापासून आमच्याकडेच टक लावून बघताय."