चौथी टेस्ट

ड्रायव्हिंग टेस्टच्या रांगेत माझ्यापुढे पोहायला शिकवणारी एक बाई आणि तिच्या सासूबाई होत्या.

“आई, तीनदा नापास झालेय. आजही झाले तर पुन्हा येणार नाही. माझ्यासारख्या मठ्ठ बाईने सायकलच चालवावी.”

“तलावात एखादी पोर नाकातोंडात पाणी जाऊन वर आली, की तिला मठ्ठ म्हणतेस?”

“छे! म्हणते, आलीस ना वर? श्वास घे, मग परत जाऊ.”

“मग स्वतःवरच एवढी का खेकसतेस?”

तिचा नंबर पुकारला. वीस मिनिटांनी ती परतली.

“वळणावर गाडी बंद पडली, आई. श्वास घेतला, परत चालू केली.”

“म्हणजे पास?”

“नाही हो, शेवटी खांबाला घासली. मंगळवारची तारीख घेऊन आले.”

“आणि रडली नाहीस?”

“भूक लागलीय. चला ना.”