नववी ड च्या साळवे बाई

साळवेभाऊ, शाळेच्या कमिटीची मंडळी, चर्चमधून आलेले सगळे, माझे शिक्षक बंधू-भगिनी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार. मला आज बोलायचं नव्हतं. सकाळी मी हेडसरांना तसं सांगितलंही. घसा बसलाय. रडून बसलाय, दुसरं काही नाही. पण सर म्हणाले, पाटील बाई, स्टाफरूममध्ये तुमच्या खुर्चीला खुर्ची लावून त्या बसायच्या, तुम्ही नाही तर कोण बोलणार? म्हणून उभी राहिले. आता उभं केलंच आहे तर मनात आहे ते बोलणार. मी इथल्याच शिरवणे गावची. गोड बोलायला आमच्या घरी कोणी शिकवलं नाही.

बाई प्रेमळ होत्या, सोशिक होत्या, असं माझ्या आधीचे बोलून गेले. खरं आहे ते. पण बाईंना मातीत ठेवून आठवडा होत नाही तोच नववी ड च्या पालकांना बोलावणी गेली. दाखला काढून न्या. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. म्हणजे पोर नापास झालं तरी शाळेच्या निकालात दिसायला नको. बाई असताना हे करायची कोणाची हिंमत होती? सांगा ना, कोणाची होती?

चर्चच्या मंडळींना ड तुकडी माहीत नसेल. खदानीवरच्या लोकांची पोरं, तुर्भ्याच्या कंपन्यांतल्या हेल्परांची पोरं. वाचताना अडतात, गणितात रडतात. ही तुकडी कोणालाच नको असते. मलाही नको असायची.

बाईंनाही नको होती, हे तुम्हाला ठाऊक नसेल. बाई नगरकडच्या. वडील तिथल्या चर्चमध्ये पाळक. लहानपणापासून एकच ध्यास, देवाच्या कामाला जायचं. कुठल्यातरी लांबच्या पाड्यावर मिशनच्या शाळेत शिकवायचं. मग लग्न झालं, भाऊंची नोकरी इकडे बेलापूर रोडला, घर कोपरखैरण्याला, आणि बाई आमच्या शाळेत. एकदा मला म्हणाल्या, "मंगल, प्रभूने मला बोलावलंच नाही बहुतेक. मी आपली पगारासाठी फळा पुसतेय." मी म्हटलं, "बाई, आम्ही सगळे त्याच्यासाठीच पुसतो." मला वाटलं हसतील. नाही हसल्या.

मग लक्ष्मीचं झालं. लक्ष्मी बाईंच्या वर्गात होती, खदानीवरची. नववीला गटांगळ्या खात होती. तिच्या आईला बाईंनीच समजावलं, काही फरक पडत नाही हो, बाहेरून बसेल, परीक्षा तीच असते. शाळेची तशी पद्धतच होती, सगळेच तसं सांगायचो. आईने दाखला घेतला. पण तो फॉर्म कोण भरणार? कुठे भरायचा, कोणाला विचारायचं? घरी बसून करायचं काय, म्हणून पोरगी आईबरोबर खदानीवर जायला लागली. एक दिवस वरचा कडा सुटला. लक्ष्मी खाली होती.

आम्ही दोघी गेलो होतो भेटायला. आई रडत नव्हती. बाईंकडे बघून म्हणाली, "बाई, साळंत असती तर खदानीत आली नसती माजी लेक." एवढंच. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी प्रभूला विचारत होते, मला कुठे पाठवतोस. त्याने केव्हाच पाठवलं होतं, इथेच, मंगल. तिथल्याच एका पोरीला मी दाखला देऊन घालवून दिलं." आणि उठून सरांकडे गेल्या. मला ड द्या म्हणाल्या. दरवर्षी द्या. आणि त्यातल्या एकाचाही दाखला मी काढू देणार नाही.

नाही काढू दिला. दर रविवारी चर्च सुटलं की तशाच पांढऱ्या साडीत, खांद्याला पिशवी लावून खदानीवर जायच्या. पहिल्यांदा बायकांना वाटलं पोलिओची बाई आली. पोरांना ओढत आणून तोंडं उघडून उभी केली समोर. बाईंनी तशीच सगळ्यांची नावं विचारून घेतली. पुढे कोणीतरी कुजबुज सुरू केली, ही पोरांना ख्रिश्चन करायला येते. कमिटीने बोलावून विचारलं. बाई म्हणाल्या, "आधी त्यांना अपूर्णांक येऊ देत." माझ्या घरी गौरी-गणपती बसतात. गेली कित्येक वर्षं माझ्या गौरीच्या जेवणाला बाई यायच्या. माझा धर्म कुठे गेला नाही.

गोड शेवट नाहीये याला. ड ची पोरं दहावीला नापास झाली, पुष्कळ झाली. निकाल खाली आला. सुपरवायझरची जागा बाईंच्या मागून आलेल्याला मिळाली. मी चिडले. म्हटलं, बाई, निम्मी आपटणार हे दिसतंय, मग कशाला जीव काढताय? म्हणाल्या, "आपटू देत. शाळेत राहून आपटू देत. ऑक्टोबरला परत बसवेन. जो बाहेर गेला त्याला मी कुठे शोधू?"

वाशीला हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटले तेव्हा बाईंचा आवाज उरला नव्हता. मला जवळ बोलावून विचारलं, "ड वर कोण जातं?" काय सांगू? म्हटलं, माझ्या मोकळ्या तासाला मी जाते, एरवी वर्ग रिकामाच असतो. बाईंनी नुसते डोळे मिटून घेतले. नंतर भाऊंनी प्रार्थना म्हटली, पण बाईंचे ओठ हलले नाहीत. ती बाई दुःखात गेली, मंडळी. शांतपणे गेली, देवाघरी गेली, असं आज कोणी म्हणू नका. निदान माझ्यासमोर नको.

बोलणं लांबलं, थांबते. आता आपण श्रद्धांजलीला उभे राहणार. एक विनंती आहे. फोटोकडे तोंड करून उभे राहू नका. मागे वळा. नववी ड ची सगळी पोरं मागच्या भिंतीला उभी आहेत, त्यांना बसायला खुर्च्या ठेवल्या नव्हत्या. त्यांच्याकडे तोंड करून उभे राहा. मान खाली घालू नका, त्यांच्या तोंडाकडे बघा. कमिटीच्या मंडळींनीही. यातल्या कोणाला दाखला द्यायचा ते बघता बघता ठरवा.

बाई, माझा नमस्कार घ्या. चला, वळा.