शीतलचा दम कुठं गेला?

डाएटचा विषय काढलाच आहे तर आमच्या शीतलचं ऐका. माझी धाकटी बहीण. पोलीस भरतीसाठी वैजापूरहून माझ्याकडं चिकलठाण्याला आली होती. रोज पहाटे पळायची. कुणीतरी सांगितलं, वजन उतरव, वेग आपोआप वाढतो. झालं! भाकरी, भात, दूध, सगळं बंद. नुसती काकडी आन् लिंबूपाणी. वजन उतरलं, पण वेगही घटला. मग ती आणखी पळायची आन् आणखी कमी खायची.

एक दिवस मैदानातच चक्कर येऊन पडली. पाळी बंद झालीय, हेही तेव्हाच कळलं. आई फोनवर रडायला लागली. मला वाटलं, हिच्या काळजातच काहीतरी बिघाड निघतोय. भरती गेली खड्ड्यात, पोरगी वाचू दे.

तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या करून विचारलं, "काल काय खाल्लंस?"

"काकडी."

"आणि पळालीस?"

"लई पळाले."

बाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. अगं, पळून थकलेलं शरीर खाल्लेल्या अन्नातूनच बळकट होतं. तू काही देतच नाहीस, तर ते दम वाढवणार कशातून? पोटभर खा, पाळीही येईल."

माझ्या जिवात जीव आला. बाहेर येताच शीतल रडत रडत हसायला लागली. "ताई, मला वाटलं, माझ्या अंगात दमच नाय. मी नुसती उपाशी होते व्हय?"

पुढं भरतीत ती निवडली गेली. पण खरं सांगू? त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या हॉटेलात तिनं "आणखी पुऱ्या आणा" म्हणून हाक मारली, तेव्हा मला जास्त आनंद झाला होता.