शेजारच्या मापाचा शर्ट

उन्ह असं तापलं होतं, की दोरीवरचे कपडे घटकेत वाळून कडक झाले. दुसऱ्या दिवशी मले पोरगी पाहाले जायचं होतं. शिंप्यानं मापाले जुना शर्ट मागितला, म्हणून मी दोरीवरचा पांढरा नेऊन दिला. आमची अन् शेजारच्या दादारावची दोरी एकच.

संध्याकाळी लांब कॉलरचा नवा शर्ट घातला, तर बाह्या बोटांच्या खाली अन् कॉलरमध्ये दोन माना मावतील. मी रडकुंडीले आलो. तेवढ्यात दादाराव आले. त्यांच्याही अंगात नवा शर्ट, पण गळ्याचं बटन लागेना.

"अबे, तू माहा नेला, मी तुहा मापाले देला!"

तिथंच अदलाबदल केली. कॉलर मानेवर बरोबर बसली, तवा माहा जीव भांड्यात पडला.

दादाराव म्हणाले, "पोरीनं पसंत केलं तर सांगजो, कापड दादारावनं निवडलं. नाही केलं, तर थोबाड तुहं होतं!"