न सुधारलेल्या गुडघ्याचे आभार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दिनकरराव, ज्यांना आपण आज जड मनानं निरोप देतोय त्या आपल्या डॉक्टर वैजयंती कोरे मॅडम, त्यांचा दवाखाना पुढं चालवणारे तरुण डॉक्टर राजेश्वर, व्यासपीठावरील मान्यवर, राजेश्री सिस्टर आणि समस्त मानवतकर बंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

मी लिंबाजी खंदारे. निम्म्या सभागृहाला मी शाळेच्या मैदानावर पळवलंय, तेव्हा ओळख करून द्यायला नको. माझ्या आधी बोलून गेलेले सगळे मॅडमच्या हातानं बरे झालेले. मी मात्र बरा न झालेला पेशंट. मला कशासाठी उभं केलं, संयोजकांनाच ठाऊक!

मॅडमचा पहिला दवाखाना आठवतो का कुणाला? मोंढ्याच्या बाजारात, आडतीच्या दुकानाच्या माडीवर. हंगामात कापसाचे पुंजके थेट तपासणीच्या टेबलावर यायचे. जिना इतका उभा, की हाडांच्या डॉक्टरकडं पोहोचणारा माणूस निम्मा बरा असलाच पाहिजे, असं आम्ही म्हणायचो. काय दिवस होते ते! अजून त्या रस्त्यानं गेलो की मान आपोआप वर होते.

पुढं मॅडमनी खाली मोठा दवाखाना केला, आणि तोवर माझा उजवा गुडघा गेला. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या लेझीम पथकापुढं मी तरुणपणापासून नाचत आलेलो. मला अजून एकदा, फक्त एकदा, पुढं नाचायचं होतं. बाकी आयुष्याकडं मागणं नव्हतं.

मॅडमनी पीआरपीची माहिती दिली. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर येणारा प्लेटलेट्सचा पिवळसर भाग सुईनं सांध्यात सोडायचा. आमच्या सौभाग्यवती चांगुणाबाईंनी लगेच विचारलं, "अवो मॅडम, ह्यांचंच रगत काढून ह्यांच्याच गुडघ्यात घालायचं, तर काढायचंच कशाला?" मॅडम एवढ्या हसल्या, की सिस्टरांना पाणी आणावं लागलं.

ही बातमी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली. सकाळी दवाखान्यापुढं टेम्पो भरून हजर! पुढारी अर्थात आमचा सिद्धोधन. म्हणाला, "मॅडम, सरांचं रक्त आता लय थकलंय. आमचं घ्या की. समदे तयार हाव." मॅडमनी समजावलं, की इथं दुसऱ्याचं रक्त चालत नाही, ज्याचं त्यालाच द्यायचं, म्हणून तर शरीर सहसा त्याच्यावर उलटत नाही. आणि एवढे आलाच आहात तर रक्तपेढीत द्या, म्हणून सगळ्यांना परभणीला पिटाळलं. त्या पोरांचा मला आजही अभिमान वाटतो.

मग मी विचारलं, "मॅडम, मी नाचेन का?"

एका शहरात याच उपचाराचा फलक पाहिला होता. गुडघ्यात नवी गादी, शंभर टक्के हमी! मला तेच ऐकायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, काहींना आराम पडतो, काहींना नाही. पोखर्णीच्या पार्वतीबाईंचं कोपर दुखायचं थांबलं. तुमची झीज फार आहे. सुई सांध्यात जाते, तेव्हा थोडा का होईना, जंतुसंसर्गाचा धोका आहे. काही दिवस दुखणं वाढेलही. नाचाल का, ते मला माहीत नाही."

डॉक्टरच्या तोंडून "माहीत नाही" मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तरी म्हटलं, करा.

थोडे दिवस बरं वाटलं. मग गुडघा पुन्हा मूळपदावर. मी म्हटलं, अजून एक सुई द्या. त्या नाही म्हणाल्या. मी गयावया केली, खरंच केली. "सर, तुमच्यासाठी याचा आता उपयोग दिसत नाही. तुमच्या आशेवर मी सुई टोचणार नाही." मी बाहेर बाकावर येऊन रडलो. गर्दी सोडून मॅडम शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मलाही वाईट वाटतंय."

त्या जयंतीला मी नाचलो नाही. पुढंही कधी नाही. व्यायाम सांगितले ते करतो, काठी घेऊन हिंडतो, आणि खुर्चीत बसून शिट्टीवर पोरांना लेझीम शिकवतो. दुखतं. पण मला कुणी फसवलं, असं एक दिवसही वाटलं नाही. हे सुख लहान नसतं, मंडळी.

डॉक्टर राजेश्वर, तुम्ही नवी यंत्रं आणाल, नवे उपचार कराल, जरूर करा. फक्त कधी माहीत नसलं, तर आम्हाला तसं सांगा. आम्ही रडू, पण पुन्हा तुमच्याकडंच येऊ.

मॅडम, आभार. मला बोलायला दिलं, आपण ऐकून घेतलं, सगळ्यांचा ऋणी आहे. मैदानावरच्या माणसाची जीभ कुठं घसरली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. जय भीम.