एका ठोशात ‘बेटा’

हॅलो?… कोण?… कोण सर?… अय्या, सर तुम्ही! माझा नंबर होता तुमच्याकडे?

…काय म्हणालात? ‘बेटा’?… नाही नाही, फोन नीट आहे. मीच दचकले. शनिवारपर्यंत मी ‘ए बारके’ होते ना. ‘ए बारके, बाटल्या भर.’ ‘ए बारके, ताईसमोर उभी राहा, तिला हात मोकळे करायचेत.’ आणि फायनलला त्याच ताईला एक ठोसा मारला तर लगेच बेटा! आधी ठाऊक असतं तर केव्हाच मारला असता.

…हो, हो, बोला ना. गणवेशाला इस्त्री करतेय, पण कान तुमच्याकडेच… थांबा हं एक मिनिट… आई, क्लबचे सर आहेत. नाही गं, रागावत नाहीयेत. गोड बोलतायत… हो ना, मलाही त्याचीच भीती वाटतेय… हां सर, बोला.

…हं… हं… म्हणजे उद्या निवड समितीच्या बाई विचारतील, तेव्हा मी सांगायचं की पंचांनी आधी ‘स्टॉप’ म्हटलं आणि मग मी ताईला मारलं. म्हणजे निकाल रद्द. असंच ना?… नाही, पहिल्यांदाच कळलं होतं. तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायची मजा येत होती.

…अहो, पण पंच स्वतः म्हणतायत, मी स्टॉप म्हटलंच नाही… गोंगाट? कसला गोंगाट? अख्ख्या हॉलमध्ये एकच आवाज होता, तुमचा! ‘डावा हात वर! अगं डावा!’ आणि ताईनं मान वळवली तुमच्याकडे. भर लढतीत! दोन वर्षं तिच्यासमोर उभी राहून मार खाल्लाय मी, सर. तुम्ही ओरडलात की ती वळते. हुकमी. तुम्हीच लावलीत ती सवय. मी नाही वळत. मला तुम्ही कधी काही सांगितलंच नाही, मग वळून बघणार कुणाकडे?

…नशिबाचा ठोसा? बरं, नशिबाचा. मग त्याला एवढे घाबरताय कशाला?

…माहितीये हो, तीन वेळची विजेती. क्लबच्या दारावर फोटो आहे की. तिचा एवढासा, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवलेले तुम्ही केवढे तरी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पदक तुम्हालाच मिळालंय.

…काय देणार?… नवे ग्लोव्हज! आणि पुढच्या वर्षी माझी निवड नक्की… सर, कोपराला गूळ लावताय होय? जीभ नाही पोचत हो तिथं. आणि ग्लोव्हजचं म्हणाल, तर तुमच्या त्या फाटक्यांनीच भागलं की माझं.

…उद्धट? हो, आहे थोडी. नवीनच आहे, सवय होतेय.

…कुणाची कारकीर्द संपेल? तिची की तुमची?… नाही, आपलं विचारलं… ताईला देताय? द्या. द्या ना!

हॅलो, ताई?… अगं, कसं बोलतेयस हे? जबडा सुजलाय?… बर्फ लाव. पण सॉरी म्हणणार नाही हं मी. तू म्हणाली होतीस? माझं नाक फुटलं तेव्हा तू सरांकडे बघत होतीस, शाबासकीसाठी.

…काय? ‘सर सांगतात तसं कर’?… अगं ऐक ना… ऐक तर आधी! हे तुझं बोलणं आहे की ते मागून सांगतायत?… ऐकू येतंय मला, कुजबुजू नका म्हणावं. अगं, तीन वेळची विजेती ना तू? आणि फोनवर काय बोलायचं तेसुद्धा दुसऱ्यानं सांगायचं? शी! बाटल्या भरताना मला तुझा हेवा वाटायचा, माहितीये? तुझ्यासारखी वेणी घालायचे मी. आता लाज वाटते त्याची.

…रडू नकोस… अगं बाई, रडू नकोस म्हटलं ना!… आई, इस्त्री बंद कर गं जरा… हे बघ ताई. एकच विचारते. रिंगमध्ये तू होतीस, मी होते आणि पंच होते. सर दोरीच्या बाहेर होते. तू ऐकलंस ‘स्टॉप’?… सर काय म्हणतात ते नको. तुझ्या कानांनी ऐकलंस?… हो की नाही? तू हो म्हण. मी उद्या बाईंना तसंच सांगेन, तुझी शप्पथ. निकाल रद्द. संघातली माझी जागा गेली तर गेली, पुन्हा लढू. पण तू म्हण.

…

…ताई?

…सर, जरा गप्प बसा हो, तिला बोलू द्या!

…काय?… पुटपुटू नकोस… ‘नाही’? नाही म्हणजे ऐकलं नाहीस?… मला कळलं गं. मला काय सांगतेस? त्यांना सांग. आणि उद्या बाईंना सांग.

…हं.

…अगं, इथपर्यंत ऐकू आलं तुझं ‘नाही’! आईसुद्धा बघतेय माझ्याकडे!

…हॅलो?… परत तुम्ही?… मी कुठं शिकवलं तिला? मला तिच्याशी दोन शब्द तरी बोलू दिलेत का कधी?… नाही सर, उद्याचं आता तुम्ही तिलाच विचारा… आणि मागे कोण हसतंय हो तुमच्या?… ताई? रडता रडता?… तुम्ही कशाला चिडताय? फक्त तिला जास्त हसू देऊ नका, जबडा दुखेल तिचा. ठेवते.