आत्याला धुतलं कोणी?

नाही, पण 'धुतलं कोणी' म्हणजे काय? तुम्हीच सांगा, समुद्राच्या तळाशी जाऊन कोण धुणार आहे? मी आपला वर्षभर पाण्यात भिजून, बोटांच्या मनुका करून घेऊन, कानाला दडे बसवून एक फिल्म करतो... प्रवाळ मरत चाललंय हो, काहीतरी करा, असं सगळ्या गावाला सांगायला... आणि ती पहिल्यांदा घरात लावतो, तर सासरेबुवा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "वा! आधी किती घाण होतं. आता कसं लख्ख झालंय. धुतलं कोणी, जावईबापू?" मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "नाही, खरंच छान निघालंय हं." तुम्हाला सांगतो, माणसानं कोरड्यात राहावं.

मी होतो ना कोरड्यात! लग्नांची शूटिंग करायचो. नवरा म्हणू नका, नवरी म्हणू नका, 'इकडे बघा' म्हटलं की बघायचे. मुख्य म्हणजे तिथं श्वास घ्यायला हवा असायची, पाठीवर बांधून न्यावी लागायची नाही. पण मला अवदसा आठवली. म्हटलं, आपण काहीतरी थोर करायचं, पाण्याखाली कॅमेरा घेऊन जायचं. गेलो. मासा काय करतो माहितीये का? आधी बघतो. नीट, वरपासून खालपर्यंत बघतो. आणि तुम्ही बटण दाबलंत की शेपूट दाखवून निघून जातो. दुसरं म्हणजे खाली बोलता येत नाही, सगळा हातांचा खेळ. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी दोन बोटांचा गोल करून विचारलं, ठीक ना? मी ऐटीत अंगठा वर केला. आता पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मला वर न्या', हे मला कुठलं लक्षात राहायला? सरांनी दंडाला धरून वर नेलं. खाली आलो, परत विचारलं, परत अंगठा, परत वर. असं दोन-चारदा झाल्यावर ते पाण्याबाहेर येऊन मला जे बोलले, ते इथं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मग ती सवय अशी जडली की घरी बायकोनं विचारलं, "जेवण कसं झालंय?" आणि मी बोटांचा गोल करून दाखवला. तिला वाटलं, शून्य. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही... म्हणजे घरातसुद्धा पाण्याखालीच!

तर आत्या. सख्खी नव्हे हो, प्रवाळ. आमच्या खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, चांगलं खोलीएवढं मोठं प्रवाळ आहे. पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही असा आमचा नियम, म्हणून माझ्याबरोबर एक जोडीदार असतो. सगळा संसार पाठीवर आणि चाल अशी की त्याला सगळे कासवच म्हणतात. तर या कासवानं तिचं नाव आत्या ठेवलं. म्हणाला, "बघ ना, मधोमध बसलीये, जागची हलत नाही, आणि येणारा-जाणारा तिला वळसा घालून जातोय." रंग म्हणाल तर चहाच्या फडक्याचा. तपकिरी. प्रवाळ ठणठणीत असलं ना, की पुष्कळदा तसंच दिसतं. हे मला माहीत, कासवाला माहीत. सासरेबुवांना कोण सांगणार?

मग उन्हाळा आला, आणि पाणी असं तापलं की अंघोळीला काढलंय असं वाटावं. आणि आत्या एकदम निळी-जांभळी चमकायला लागली! मी शूट केलं, एडिटरला पाठवलं. त्याचा फोन, "दादा, रंग फार मारलेत. खोटं वाटतंय. कमी करू?" म्हटलं, "अरे बाबा, मी हात लावलेला नाही. ती आजारी आहे." तो म्हणाला, "आजारपणात असं दिसत असेल, तर मला पण पडायचंय आजारी."

कसं आहे बघा, प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जीव आहे. त्याच्या अंगात एक बारीकसं शेवाळ राहतं, भाडेकरूसारखं. भाडं देत नाही, पण रोजचा स्वयंपाक करून घालतं. पाणी तापलं की आत्याचं डोकं तापतं, आणि रागाच्या भरात ती त्या भाडेकरूलाच घराबाहेर काढते. आता स्वयंपाक करणाऱ्यालाच हाकललं, तर जेवणार काय? आत्या उपाशी. जाताना तो रंगही घेऊन जातो, म्हणून आधी उन्हापासून वाचायला ती तशी चमकते, आणि मग पांढरी. एका सकाळी आम्ही उतरलो आणि बघतो तर आत्या पांढरीफटक. तिच्याकडे राहणारे मासे बाहेर नुसते घुटमळत होते. मी रडलो. खोटं कशाला बोलू? आणि मास्क लावून रडू नये बरं का, आतून भरतो आणि पुसायला हात जात नाही. कासवानं बोटांचा गोल करून विचारलं, ठीक ना? मीही गोल केला. दुसरं काय करणार? 'माझी आत्या उपाशी मरतेय' याला खूण कुठं आहे?

पण पांढरी पडली म्हणजे मेली नव्हे, हे लक्षात घ्या. पाणी निवलं, अंगावर कोणी आदळआपट केली नाही, तर सावरते. आणि आदळआपट कसली, तर त्या बोटींची! तळाला काच बसवलेल्या बोटी, लोकांना वरून मासे दाखवतात. दाखवतात ते दाखवतात, वर नांगर टाकतात तो नेमका आत्याच्या शेजारीपाजारी. सगळा चुराडा. बंदराच्या समितीपुढं विषय होता, की एक हंगाम बोटी बंद ठेवायच्या की नाही. त्यासाठी ही माझी फिल्म हो! आणि मी शहाणा, मी तिच्यात एक शब्द बोललो नव्हतो. का? तर म्हणे चित्र बोलेल! कला!

समितीच्या हॉलमध्ये लावली. तपकिरी आत्या आली, लोकांनी नाकं मुरडली. चमकणारी आली, शिट्ट्या. पांढरी आली, टाळ्या! शेवटी आत्याची एक शेजारीण, म्हणजे बाजूचं प्रवाळ, मरून तिच्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ चढलेलं दाखवलं, तर अध्यक्ष उठून उभे राहिले. "मंडळी, बघा, हिरवळसुद्धा आली! खाडी आपोआप सुधारतेय. बोटी बंद करायचं कारण दिसत नाही." आणि मला पुष्पगुच्छ. मी घेतला! हसून घेतला, फोटोसुद्धा काढू दिला. म्हणून म्हणतो, माणसानं कोरड्यात राहावं.

घरी बायको म्हणाली, "अहो, पण तुम्ही बोलत का नाही त्या फिल्ममध्ये? नुसते बुडबुडे ऐकू येतात. घरी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही." बाण वर्मी लागला. मग मी बोललो. सगळं बोललो. ही बरी होती, ही आजारी, ही उपाशी, ही मेली. अध्यक्षांच्या हातापाया पडून समितीपुढं परत लावली. तुम्हाला सांगतो, या वेळी ना शिट्टी, ना टाळी. आत्या पांढरी पडली तेव्हा कोणीतरी नाक ओढलं. बोटवाले माना खाली घालून बसलेले. दिवे लागले, तर अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "म्हणजे ही जाणार?" म्हटलं, "असंच चाललं तर दोन-तीन उन्हाळे, फार तर." ते म्हणाले, "मग वेळ घालवून चालणार नाही." म्हटलं, "अगदी माझ्या मनातलं बोललात!" माझा ऊर भरून आला हो. वर्षभराचं भिजणं फळाला आलं असं वाटलं.

अध्यक्ष बोटवाल्यांकडे वळले. "उद्यापासून बोटी दुप्पट करा. ती जायच्या आधी लोकांना बघू तरी द्या."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर हा भलामोठा फलक. 'शेवटची संधी'. खाली आत्याचा फोटो, पांढरीफटक असतानाचा, माझ्याच फिल्ममधला. रांग पार रस्त्यापर्यंत. मी तावातावानं पुढं गेलो, म्हटलं आज बोटीसमोर आडवाच पडतो, बघू कोण नेतंय! तर पहिल्याच बोटीतून हाक, "जावईबापू! इकडे, इकडे! तुमच्यासाठी जागा धरलीये." सासरेबुवा. शेजारी बायको, मांडीवर डबा. सगळी बोट माझ्याकडे बघतेय. मागचा माणूस म्हणतोय, चला हो लवकर, ती आहे तोवर बघून घेऊ...

बसलो. काय करणार? जागा काचेजवळची होती.